वजन तेवढंच, मग ताकद कुठे गेली? उतारवयात स्नायू टिकवण्याविषयी

साठी-पासष्टी ओलांडलेल्या कितीतरी जणांना एक कोडं पडतं. वजनकाटा वीस वर्षांपूर्वीचाच आकडा दाखवतो, रक्ताच्या तपासण्याही बऱ्या येतात, आणि तरी जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना कठडा धरावा लागतो, बरणीचं घट्ट झाकण फिरत नाही. ‘वय झालं’ म्हणून विषय तिथेच सोडला जातो.

कोड्याचं उत्तर असं की काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. तीन किलो स्नायू गेले आणि तीन किलो चरबी आली, तर आकडा जागचा हलत नाही. माणूस मात्र अशक्त झालेला असतो.

सध्या हा विषय चर्चेत आहे तो वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांमुळे. सेमाग्लुटाईड, टिर्झेपटाईड अशा औषधांनी वजन झपाट्याने उतरतं. पण उतरलेलं सगळं वजन चरबीचं नसतं. चाचण्यांमध्ये शरीरात चरबी किती आणि इतर भाग किती हे मोजलं तेव्हा घटलेल्या वजनापैकी सुमारे २५ ते ४० टक्के भाग चरबी सोडून इतर ऊतींचा निघाला. त्यात पाणी आणि इतर अवयवांचा वाटा असतो, तसा स्नायूंचाही असतो. चाळिशीतल्या माणसाला हे कदाचित परवडेल. सत्तरीतल्या माणसाकडे मुळात शिल्लकच कमी असते, म्हणून त्याने हे समजून घेणं जास्त गरजेचं आहे.

या झिजेला नाव आहे

वयाबरोबर स्नायूंचं प्रमाण आणि ताकद दोन्ही उतरत जाण्याला वैद्यकात ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. हे नाव अमेरिकन संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८८ मध्ये सुचवलं. अमेरिकेतल्या रोगनिदानाच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळायला २०१६ उजाडलं. म्हणजे आज प्रॅक्टिस करणारे बरेच डॉक्टर शिकत असताना हा आजार म्हणून पुस्तकात नव्हताच. तपासणीत हा विषय क्वचितच निघतो, त्याचं हेही एक कारण असावं.

तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहून लवकर जाते. सत्तरीनंतर स्नायू वर्षाला एक टक्क्याच्या आसपास घटत असतील, तर ताकद तीन टक्क्यांच्या आसपास घटते. म्हणून आता निदानातही स्नायूंच्या आकाराआधी ताकद पाहतात.

घरी करता येण्याजोगी एक चाचणी आहे. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या पक्क्या खुर्चीत बसा. दोन्ही हात छातीवर घडी करा आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून परत बसा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पुढची तपासणी करायला हवी. युरोपीय निकषात ही मर्यादा १५ सेकंदांची आहे. दुसरी खूण पोटरीची. तिचा सगळ्यात जाड भाग मोजपट्टीने मोजायचा. पुरुषांमध्ये ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांमध्ये ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर शंकेला जागा आहे. चाचणी करताना जवळ कुणीतरी असू द्या.

आत नेमकं काय घडतं

स्नायू ही एकदा बांधून झालेली वस्तू नाही. त्यातलं प्रोटीन रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं नवं तयार होतं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. खालचा नळ सतत थोडा चालू आहे आणि वरून पाणी येतं आहे. येणारं आणि जाणारं सारखं असेल तोवर पातळी टिकते. तरुणपणी वरचा व्हॉल्व्ह सैल असतो, थोडं काही खाल्लं तरी तो उघडतो. वय वाढलं की तो जाम होऊ लागतो. पूर्वी जेवढ्या प्रोटीनने स्नायूंची बांधणी सुरू व्हायची, तेवढ्याने ती आता धड सुरू होत नाही.

हा व्हॉल्व्ह सैल करणारी खात्रीची गोष्ट म्हणजे जोर लागणारा व्यायाम. असा व्यायाम केल्यावर पुढचा दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ स्नायू अन्नातलं प्रोटीन अधिक चांगलं वापरतात. फक्त प्रोटीन वाढवलं तर पाणी बंद व्हॉल्व्हवर येऊन थांबतं. फक्त व्यायाम केला आणि पोटात काही नसलं तर व्हॉल्व्ह उघडा, पण पाइप कोरडा. या लेखातल्या बाकीच्या सगळ्या सूचना एवढ्यावरून निघतात.

दुसरी झीज स्नायूंना आदेश पोचवणाऱ्या नसांची आहे, आणि ती कमी लोकांना माहीत असते. स्नायू असंख्य तंतूंचा बनलेला असतो. ढोबळमानाने काही तंतू मंद पण चिवट असतात आणि काही वेगवान, जोरकस पण लवकर थकणारे. उभं राहणं, सावकाश चालणं ही कामं मंद तंतूंवर भागतात. ठेच लागल्यावर झटकन पाय पुढे टाकून तोल सावरणं, खुर्चीतून एका दमात उठणं, ही वेगवान तंतूंची कामं. वय वाढतं तसे पाठीच्या कण्यातून स्नायूंकडे जाणाऱ्या काही चेतापेशी मरतात आणि त्यांच्या ताब्यातले तंतू बेवारस होतात. शेजारच्या चेतापेशी त्यातले काही सांभाळून घेतात, पण बऱ्याचदा त्यांना मंद करून टाकतात. उरलेले वाळून जातात. नुकसान जास्त होतं ते वेगवान तंतूंचं, म्हणजे पडताना सावरणाऱ्या तंतूंचं.

‘मी रोज तासभर चालतो’

यावर सगळ्यात आधी हेच उत्तर येतं. चालणं उत्तमच आहे. हृदय, साखर, झोप, मन, सगळ्यांना त्याचा फायदा होतो, म्हणून ते सोडू नका. पण स्नायूंची ताकद टिकवायला सपाट रस्त्यावरचं चालणं पुरत नाही.

कारण आपली चेतासंस्था हलक्या कामाला आधी मंद तंतू जुंपते. काम जड झालं, फार झटपट करायचं असलं किंवा मंद तंतू थकत आले, तरच वेगवान तंतूंची पाळी येते. रोजच्या ओळखीच्या रस्त्याने, ओळखीच्या वेगाने चालताना त्यांना कामच मिळत नाही. ज्या तंतूंना सगळ्यात जास्त गरज आहे, तेच दिवसभर बसून राहतात. वर्षानुवर्षं नेमाने चालणाऱ्या माणसाचेही खांदे आणि मांड्या यामुळेच बारीक होत जातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही ६५ वर्षांवरच्यांसाठी या गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल. किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. आणि तीन किंवा अधिक दिवस तोल सांभाळण्यावर भर देणारा व्यायाम. रोज चालणाऱ्यांचं पहिलं पूर्ण होतं, बाकीची दोन राहून जातात.

अमेरिकेत ७० ते ८९ वर्षांच्या १,६३५ जणांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. एका गटाला चालण्याबरोबर पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले, दुसऱ्याला आरोग्याची व्याख्यानं. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या जास्त काळाने, ४०० मीटर चालता न येण्याइतकी अवस्था व्याख्यानांच्या गटात ३५.५ टक्के लोकांची झाली होती आणि व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के लोकांची. फरक डोळे दिपवणारा नाही. पण ही सगळी आधीच अडखळू लागलेली माणसं होती, हे लक्षात घेतलं तर तो लहानही नाही.

‘या वयात वजनं उचलायची?’

हो, याच वयात. या प्रश्नावर १९९० साली बोस्टनमध्ये एक छोटा पण फार बोलका प्रयोग झाला. वृद्धाश्रमातल्या ९० च्या आसपास वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी चांगली जड वजनं उचलायला दिली. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. सुरुवात अगदी तळातून होती, त्यामुळे टक्केवारी मोठी दिसते हे खरं. पण नव्वदीतला स्नायू प्रतिसाद देत नाही, हा समज तिथे मोडला.

त्याच संशोधकांनी १९९४ मध्ये १०० वृद्धांवर मोठी चाचणी केली. त्यांचं सरासरी वय ८७ होतं. काहींना व्यायाम दिला, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून वाढली, चालण्याचा वेग आणि जिना चढण्याची क्षमता सुधारली. ज्यांना फक्त पोषक पेय मिळालं त्यांच्या अशक्तपणात फरक पडला नाही. टॉनिकच्या बाटल्यांवर भिस्त ठेवणाऱ्या प्रत्येक घराला हा निकाल माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात निवृत्तीच्या वयाच्या लोकांनी वर्षभर जड वजनांचा व्यायाम केला. चाचणी सुरू झाल्यापासून चार वर्षांनीसुद्धा त्यांच्या पायांची ताकद मूळ पातळीवर टिकून होती. व्यायाम न करणाऱ्यांची तोवर घटलेली होती.

सुरुवात कुठून करायची

जिम लागतेच असं नाही. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, वीस ते तीस मिनिटं पुरतात. मांड्या, नितंब, पोटऱ्या, पाठ, छाती, खांदे या मोठ्या स्नायूंना काम मिळालं पाहिजे. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. भिंतीला हात टेकून मारलेले दंड. बळकट आधार धरून टाचा उचलणं. कठडा धरून पायरीवर चढ-उतार. दाराच्या पक्क्या कडीला अडकवलेली रबरी पट्टी स्वतःकडे ओढणं. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या खांद्यांच्या वर नेणं. एवढ्यात जवळजवळ सगळं शरीर येतं.

पण या यादीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असतो ‘किती जोर लावायचा’ हा, आणि इथेच बहुतेक ज्येष्ठांची फसगत होते. अर्ध्या किलोचं गुलाबी डंबेल घेऊन हसतखेळत पन्नास वेळा हात वर-खाली केले, तर त्याने सांधे मोकळे होतील, ताकद येणार नाही. खूण अशी की ८ ते १२ वेळा केल्यावर शेवटच्या दोन-तीन वेळा चांगलंच जड जायला हवं, आणखी दोन वेळा जेमतेम जमलं असतं असं वाटायला हवं. शरीराची ठेवण मात्र बिघडता कामा नये. मग दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा तेवढंच. वजन हलकंच असेल तरी चालतं, पण मग स्नायू खरोखर थकेपर्यंत करावं लागतं.

पहिले दोन-तीन आठवडे याहून बरंच हलकं ठेवा. स्नायूंना आणि स्नायूबंधांना सवय होऊ द्या. त्यानंतर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी काहीतरी किंचित अवघड करत जा. खुर्ची थोडी बुटकी घ्या. खाली बसताना चार आकडे मोजत सावकाश बसा. पाठीवर पुस्तकांची पिशवी घ्या. पुढे एका पायावर जास्त भार द्या. सहा महिने तेच वजन, तेवढ्याच वेळा, असं चाललं की शरीर त्याला सरावतं आणि बांधणी थंडावते.

पहिल्या महिन्यात जी ताकद वाढते ती बरीचशी चेतासंस्थेच्या सुधारणेने. तिला आहेत तेच स्नायू नीट वापरता येऊ लागतात. स्नायू मोजण्याइतका वाढायला दोन-तीन महिने जातात. आरशात काही दिसलं नाही म्हणून पाचव्या आठवड्यात सोडून देऊ नका. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे दुखणं ठीक आहे. सांध्यात टोचणारी, त्याच क्षणी उठणारी कळ ठीक नाही.

तोलासाठी ओट्याला किंवा भिंतीला हात लागेल असं उभं राहून एका पायावर थांबा. एका पावलाला दुसरं पाऊल जोडून सरळ रेषेत चाला. २०१९ मध्ये १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यानुसार घरी राहणाऱ्या वृद्धांमध्ये व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं, आणि त्यात तोल आणि रोजच्या हालचालींवरचे व्यायाम पुढे आहेत.

गुडघे दुखतात, हाडं ठिसूळ आहेत, बीपी आहे

गुडघ्याच्या झिजेत मांडीचे स्नायू बळकट करणं हाच उपचाराचा पाया असतो. खोल बैठका मारायची गरज नाही. उंच खुर्चीपासून सुरू करा, दुखणार नाही तेवढंच वाका.

हाडं ठिसूळ असणाऱ्यांना बहुधा जपून राहायला सांगतात. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या सुमाराला रजोनिवृत्तीनंतरच्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांवर एक चाचणी झाली. त्यातल्या एका गटाने आठ महिने आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, जड वजनं उचलली. त्यांच्या कण्याच्या हाडाची घनता वाढली, हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. मात्र हे सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली झालं होतं. घरी एकट्याने थेट जड वजनाला हात घालू नका, आणि कंबरेत वाकून पीळ देणाऱ्या हालचाली टाळा.

रक्तदाब औषधाने ताब्यात असेल तर ताकदीचा व्यायाम चालतो. श्वास मात्र रोखून धरायचा नाही. जोर लावताना सोडायचा, परतताना घ्यायचा.

प्रोटीन किती?

प्रौढांसाठी पूर्वापार सांगितला जाणारा आकडा म्हणजे शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८ ग्रॅम. ज्येष्ठांसाठी तो तोकडा पडतो, असं मत आता बळावलं आहे. २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ६५ वर्षांवरच्यांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवलं, आणि आजारी किंवा कुपोषित असणाऱ्यांसाठी १.२ ते १.५ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज ६० ते ७२ ग्रॅम.

हा आकडा अन्नात मांडला की कळतं किती कमी पडतं आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. पाव लिटर दुधात ८ ग्रॅम. तीस ग्रॅम कोरडी डाळ शिजवली तर ७ ग्रॅम, तेवढ्याच शेंगदाण्यांतही साधारण तेवढंच. शंभर ग्रॅम मासे किंवा चिकनमध्ये २० ते ३० ग्रॅम. कोरड्या सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला ३६. म्हणजे पातळ डाळ आणि पेलाभर दूध एवढ्यावर ६० ग्रॅम होत नाहीत.

शिवाय ते एका जेवणात कोंबून उपयोग नाही. जाम झालेला व्हॉल्व्ह उघडायला एका वेळी पुरेसा धक्का लागतो. ज्येष्ठांमध्ये तो साधारण किलोमागे ०.४ ग्रॅम, म्हणजे एका जेवणात अंदाजे २५ ग्रॅम प्रोटीनचा असतो. नाश्ता ही इथली सगळ्यात कच्ची बाजू. चहा आणि दोन बिस्किटांवर दुपारपर्यंत राहणाऱ्या माणसाचे स्नायू रात्रीपासून उपाशी असतात. एकच बदल करायचा असेल तर नाश्त्यात प्रोटीन आणा.

शाकाहारींना हे जमतं, फक्त जास्त लक्ष द्यावं लागतं. वनस्पतींतलं प्रोटीन थोडं कमी पचतं. बांधणीचा इशारा देणारं ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल त्यात कमी असतं. म्हणून डाळी-कडधान्यांबरोबर दूध, दही, पनीर, सोयाबीन यांची जोड द्यायची आणि एकूण प्रमाण जरा वर ठेवायचं. दात नसल्याने किंवा भूक मेल्याने जेवण कमी झालं असेल, तर आधी तो प्रश्न सोडवा. एकूण अन्नच अपुरं असेल, तर शरीर प्रोटीन इंधन म्हणून जाळून टाकतं.

‘किडनी खराब होईल’

ही भीती सरसकट खरी नाही. मूत्रपिंडं निरोगी असतील तर किलोमागे १ ते १.२ ग्रॅमने ती बिघडतात याला आधार नाही. पण मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल आणि डायलिसिस सुरू नसेल, तर प्रोटीन मर्यादित ठेवावं लागतं. डायलिसिस सुरू झाल्यावर उलट जास्त लागतं. मधुमेह किंवा बीपी बरीच वर्षं असेल, तर प्रोटीन वाढवण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या.

पावडरींबद्दल थोडक्यात. प्रोटीन पावडर म्हणजे अन्नच, सोयीच्या रूपातलं. जेवण जात नसेल तर ती कामाला येते, त्यापलीकडे तिच्यात जादू नाही. क्रिएटिन हे पावडरीच्या रूपात मिळणारं पूरक घेतल्याने व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंत थोडी भर पडते, व्यायाम नसेल तर फार काही नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढावं, पण जास्त म्हणजे चांगलं असं नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस दिला गेला. २०१० मध्ये निकाल आला, तेव्हा तो डोस घेणाऱ्या स्त्रिया जास्त पडल्या होत्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली होती.

अंथरुणातले दहा दिवस

स्नायूंची झीज दरवर्षी सारख्या उताराने होत नाही, ती टप्प्याटप्प्याने कोसळते. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतूनच जवळपास एक किलो ऊती गेल्या. हा अभ्यास २००७ सालचा. ही माणसं आजारी नव्हती आणि नेहमीच्या शिफारशीइतकं प्रोटीन खात होती. न्यूमोनिया किंवा शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचं याहून जास्त जातं, आणि बरेच जण ते परत मिळवत नाहीत.

म्हणून ‘आता पडून राहा, आराम करा’ हा प्रेमापोटी दिलेला सल्ला मला धोक्याचा वाटतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रुग्णाने जेवण खुर्चीत बसून घ्यावं, संडासला आधाराने चालत जावं, पलंगाच्या कडेवर बसून पाय सरळ करावेत, दिवसातून काही वेळा उठ-बस करावी. घरी आल्यावर एक-दोन महिने फिजिओथेरपी आणि वाढीव प्रोटीन, हे औषधांच्या बरोबरीने लिहून घ्या. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर आधीचे काही आठवडे ताकद कमावण्यात घाला.

वजन उतरवणाऱ्यांनाही हेच लागू आहे, मग ते आहाराने असो की इंजेक्शनने. या औषधांनी भूकच कमी होते, त्यामुळे प्रोटीन आपोआप घटतं. ताकदीचा व्यायाम आधी सुरू करा, वजन सावकाश उतरू द्या, आणि काट्याबरोबर खुर्चीच्या चाचणीचे सेकंदही वहीत लिहीत जा. वजन उतरतं आहे आणि सेकंद वाढत आहेत, असं दिसलं तर डॉक्टरांशी डोस आणि आहार याबद्दल बोलून घ्या.

आधी डॉक्टरांकडे कुणी जायचं

चालताना छातीत दुखत असेल, थोड्या श्रमात धाप लागत असेल, चक्कर येऊन पडायला होत असेल, हृदयाच्या झडपेचा आजार असेल, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा हाड मोडलं असेल, तर तपासणी आधी, व्यायाम नंतर. वर्षभरात दोनदा पडणं झालं असेल तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करा, आणि झोपेच्या किंवा बीपीच्या गोळ्यांमुळे तोल जातो आहे का तेही तपासून घ्या. काही आठवड्यांत वजन आणि ताकद झपाट्याने उतरली, तर त्याला वयाची झीज समजू नका. थायरॉईड, मधुमेह, कर्करोग, नैराश्य अशी कारणं मागे असू शकतात. आणि एकाच बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा वाट न पाहता त्याच मिनिटाला रुग्णालय गाठा.